अनामिका लांब आहे म्हणून घाबरलात, पण मला तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांची काळजी वाटते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 46, इंदूरला रामबागेत राहतो. अनामिका तर्जनीपेक्षा लांब असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं एका व्हिडिओत पाहिलं. माझी दोन्ही हातांची अनामिका चांगलीच लांब आहे, दोन्ही मुलांचीही तशीच. हे खरं का? खरं असेल तर काय करू? लघवीचा मला काही त्रास नाही. बाबांचं 61व्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, नंतर दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन घ्यायचे. ते पुढे हार्ट अटॅकनं गेले. आत्या 44व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली, पण ते वेगळं."

मी इंदुरातच चोवीस वर्षं युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करतोय. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बोटांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, बाबांबद्दल दोन वाक्यं आणि आत्याबद्दल एक, तेही "पण ते वेगळं" म्हणून बाजूला ठेवलेलं. माझ्या लेखी हे प्रमाण नेमकं उलटं आहे. काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालंय. म्हणून आधी बोटांचा विषय नीट संपवतो, कारण तो डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं तुमच्या कानात शिरणार नाही.

व्हिडिओवाल्यानं ही गोष्ट हवेतून आणलेली नाही. ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला होता. 1994 ते 2009 या काळात प्रोस्टेटचा कॅन्सर झालेले 1,524 पुरुष आणि न झालेले 3,044 पुरुष घेतले, त्यांना हातांची चित्रं दाखवली आणि "तुमचा उजवा हात यातल्या कोणत्या चित्रासारखा दिसतो?" असं विचारलं. ज्यांची तर्जनी अनामिकेपेक्षा लांब होती त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण सुमारे 33 टक्क्यांनी कमी निघालं, आणि साठीच्या आतल्यांत तर 87 टक्क्यांनी कमी. 2010 च्या अखेरीस हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचललं.

आता यातली एक गोष्ट बघा. त्या अभ्यासात निम्म्याहून जास्त पुरुषांची तर्जनी अनामिकेपेक्षा आखूडच होती. म्हणजे तुमच्यासारखा हात हा सर्वसाधारण पुरुषाचा हात आहे. अभ्यासाचं म्हणणं होतं की तर्जनी लांब असलेल्या थोड्या लोकांना धोका कमी दिसतो. बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना ते उलटून "अनामिका लांब, तर धोका जास्त" असं झालं. तुमच्या ऑफिसातल्या पुरुषांचे हात एका टेबलावर मांडलेत तर बहुतेकांची अनामिकाच पुढे दिसेल. त्या सगळ्यांना घाबरवून कुणाचं भलं होणार?

यामागचा विचार मात्र मूर्खपणाचा नाही. आईच्या पोटात पहिल्या तीन-चार महिन्यांत बोटांची हाडं घडत असतात, तेव्हा गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा परिणाम अनामिकेवर जास्त होतो असं मानतात. बोटं आणि जननेंद्रियं या दोन्हींची घडण हॉक्स नावाच्या जनुकांच्या एकाच कुटुंबाच्या देखरेखीखाली होते. पुरुषांत तर्जनी भागिले अनामिका हा आकडा सरासरीनं बायकांपेक्षा थोडा कमी असतो. आणि प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे तर 1941 पासून माहीत आहे. चार्ल्स हगिन्स यांनी तेव्हा ते दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 1966 साली नोबेल मिळालं. हे दुवे जोडले की साखळी छान दिसते, पण प्रत्येक कडी ओढून बघितली की ती सैल निघते.

पहिली कडी मोजण्याची. तुम्ही बोटं कशी बघितलीत? बहुतेक हात टेबलावर पालथा ठेवून, टोकं पाहून. तसं पाहू नये. हात मनगटात अंगठ्याच्या बाजूला जरासा कलला की अनामिका पुढे सरकते आणि करंगळीकडे कलला की तर्जनी. आत्ता करून बघा, लगेच दिसेल. शिवाय टोक कुठवर पोहोचतं हे तळहातातल्या हाडांवरही ठरतं, फक्त बोटाच्या लांबीवर नाही. संशोधनात तळहात वर करून, बोटाच्या मुळाशी जी घडी असते तिच्या मध्यापासून टोकापर्यंत व्हर्नियर कॅलिपरनं मोजतात. मुळाशी दोन घड्या असतील तर तळहाताजवळची धरतात. समजा तर्जनी 72 मिलिमीटर भरली आणि अनामिका 74, तर आकडा 0.973. कॅलिपर एक मिलिमीटर इकडे टेकला तर तोच आकडा 0.986 होतो, तिकडे टेकला तर 0.959. आणि पुरुष आणि बायका यांच्या सरासरीतला सगळा फरक साधारण एवढ्याच घरात आहे! नख जरा वाढलेलं असलं, बोटाला संधिवात असला, लहानपणी क्रिकेटचा बॉल लागून पेर वाकडं झालेलं असलं, की संपलं.

दुसरी कडी म्हणजे बोटावरून टेस्टोस्टेरॉन ओळखण्याची. काही व्यक्तींचं शरीर जन्मतः टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाही. कल्पना खरी असती तर त्यांची बोटं एका विशिष्ट मापाला चिकटून राहायला हवी होती. सरासरी बायकांसारखी येते खरी, पण त्यांच्यातही एकाचं बोट असं, दुसऱ्याचं तसं, फरक जवळजवळ इतर माणसांइतकाच. म्हणजे लांबी ठरवणारी इतर कारणं भरपूर आहेत. तिसरी कडी मोठेपणीच्या टेस्टोस्टेरॉनची. 2008 साली 18 अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त होतो असं काही दिसलं नाही. झालेला कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर वाढतो हे एक, आणि टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून कॅन्सर होतो हे दुसरं. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही.

आणि शेवटी, बोटांचा निष्कर्ष दुसरीकडे टिकला का? दक्षिण कोरियात 2011 साली लघवीच्या तक्रारीसाठी आलेल्या 366 पुरुषांत तो थोडाफार दिसला. पण ते आधीच रुग्णालयाची पायरी चढलेले लोक होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक पुरुषांवरचा अभ्यास आला. तिथे निरोगी माणसं आधी नोंदवून मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं होतं. आजार झाल्यावर मागे वळून विचारण्यापेक्षा ही पद्धत जास्त भरवशाची. त्यांना बोटं आणि एकूण प्रोस्टेट कॅन्सर यांच्यात संबंध सापडला नाही. माझ्या ओपीडीत मी आजवर एकाही पेशंटची बोटं मोजून कुठलाही निर्णय घेतलेला नाही आणि मी वाचलेल्या कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत तसं सांगितलेलं नाही.

तरीही हा विषय मी इतका लांबवला त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी देवासहून एक निवृत्त शिक्षक आले होते. तक्रार कंबरदुखीची, हाडांच्या डॉक्टरांकडे चार महिने उपचार झालेले. कुणीतरी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करायला सांगितलं, तो 100 च्या वर आला म्हणून माझ्याकडे पाठवलं. मणक्यात आजार पोहोचलेला होता. फाईल चाळताना सोनोग्राफीच्या रिपोर्टमागे वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडलं, नीट चार घड्या घातलेलं. याच बोटांच्या अभ्यासाचं. त्यांच्या मोठ्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता, तेव्हा घरच्यांनी त्यांनाही तपासणीचा आग्रह केला होता. त्यांनी आपला हात पुढे केला आणि म्हणाले, "बघा ना डॉक्टर, माझी तर्जनी लांब आहे, म्हणून मी निश्चिंत होतो." मला त्या वेळी काय बोलावं सुचेना. त्यांचा हात मी थोडा वेळ हातात धरून बसलो.

म्हणून सांगतो, असल्या खुणेनं घाबरलेला माणूस निदान डॉक्टरकडे येतो, तिनं निर्धास्त झालेला येत नाही.

आता तुमच्या बाबांकडे वळू. आपल्याकडे "प्रोस्टेटचं ऑपरेशन" या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. वयानुसार प्रोस्टेट ही मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी वाढते, लघवी अडते, मग दुर्बिणीतून आतला भाग खरवडून काढतात. हा कॅन्सर नाही आणि अशी वाढ वडिलांना झाली म्हणून मुलाचा कॅन्सरचा धोका वाढत नाही. निम्मे लोक मला "वडिलांना प्रोस्टेट होतं" एवढंच सांगतात आणि खोदून विचारलं की तीच साधी वाढ निघते. तुमच्या बाबतीत मात्र मला तसं वाटत नाही, कारण तुम्ही लिहिलेलं ते इंजेक्शन. साध्या वाढीसाठी दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन देत नाहीत. ते बहुधा टेस्टोस्टेरॉन बंद करणारं इंजेक्शन असणार आणि आपल्याकडे या वयाच्या पुरुषाला ते जवळजवळ नेहमी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच देतात. घरात हा शब्द उच्चारला गेला नसेल. आपल्या मराठी घरांत, विशेषतः त्या पिढीत, हे सर्रास होतं. आई म्हणते "ऑपरेशन झालं, बरे झाले," आणि मुलांनी पुढे विचारायचं नसतं.

अंदाजावर थांबू नका. बाबांची फाईल घरात असेलच, कपाटात, ट्रंकेत, नाहीतर आईच्या देवघराच्या कप्प्यात. त्यातला बायोप्सीचा, म्हणजे ग्रंथीच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा कागद शोधा. त्यावर 'हायपरप्लेसिया' असेल तर ती साधी वाढ. 'ॲडिनोकार्सिनोमा' असेल तर कॅन्सर. त्याच्या खाली कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारी 'ग्लीसन' म्हणून एक बेरीज असते, 3+3 किंवा 4+4 अशी. 7 आणि त्यापुढची बेरीज माझ्यासाठी महत्त्वाची. कागद मिळालाच नाही तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जुनं रेकॉर्ड मागा किंवा आईला शांतपणे विचारा, "इंजेक्शन कशाचं होतं?" तिला माहीत असतं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालेला असेल तर पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो आणि जितक्या कमी वयात झाला तितका तो संकेत ठळक.

आणि आता आत्या. तुम्ही म्हणालात ते वेगळं. बहुधा नाही.

स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए-2 नावाचं एक जनुक आहे. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. ते बिघडलेलं असेल तर बायकांना स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो, आणि पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा, तोही कमी वयात आणि जास्त आक्रमक. हे बिघडलेलं जनुक आईकडून येतं तसंच बापाकडूनही येतं, प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. लोक आत्या, आजी, मावशी यांचे आजार 'बायकांचे' म्हणून वेगळ्या खात्यात टाकतात आणि पुरुषाची माहिती देताना त्यांचं नावही घेत नाहीत. तुमच्या घरात एकाच आईबापांच्या दोन मुलांपैकी एकाला साठीच्या सुमारास प्रोस्टेटचा आणि दुसरीला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर हे जनुक तपासायला हवं असं मी कुठल्याही पेशंटला सांगेन. ते असेलच असं नाही. बहुतेक घरांत काही निघत नाही. पण शंका घेण्याइतकं कारण आहे.

या तपासणीत एक अडचण आहे. ती आधी आजार झालेल्या माणसाची करावी आणि त्यात बिघाड सापडला तर इतरांची. तुमच्याकडे बाबाही नाहीत आणि आत्याही नाही. अशा वेळी तुमचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी घरात काही नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही. तुम्हाला तो वारसा आला नाही, एवढंच कळतं, तेही त्या तपासणीत पाहिलेल्या जनुकांपुरतं. म्हणून हा रिपोर्ट ऑनलाइन मागवून घरी वाचू नका. जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून करा.

दरम्यान तुम्ही आज करण्यासारखं म्हणजे पीएसए, साधी रक्ताची तपासणी. सर्वसाधारण पुरुषानं 45 ते 50 च्या दरम्यान पहिली करावी. वडिलांना कॅन्सर असेल तर 40 ते 45 मध्येच, आणि बीआरसीए-2 असेल तर 40 पासून. तुम्ही 46 चे आहात, म्हणजे उशीर झालेला नाही पण आता पुढे ढकलू नका. बोटांच्या तुलनेत या तपासणीची ताकद किती हे सांगतो. स्वीडनमध्ये 60 व्या वर्षी पुरुषांचं रक्त घेऊन साठवलं आणि ते 85 चे होईपर्यंत त्यांचं काय झालं ते पाहिलं. पीएसए 1 किंवा त्याहून कमी असलेल्यांना प्रोस्टेट कॅन्सरनं मरण येण्याची शक्यता 0.2 टक्के होती. या आजारानं गेलेल्यांपैकी 90 टक्के 2 च्या वर असलेल्या पुरुषांतले होते. बोटांचं कुठलंही माप याच्या जवळपास येत नाही.

रक्त देण्याआधी थोडं सांभाळा. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा, कारण इन्फेक्शनमध्ये आकडा खूप चढतो. आदले दोन दिवस संबंध नको, सायकल नको. केसगळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानं पीएसए निम्मा दिसतो आणि तोही न कळता. आणि आकडा जास्त आला तर त्याच संध्याकाळी मुलांकडे बघून रडू नका. आधी काही आठवड्यांनी पुन्हा करायचा, मग गरज वाटली तर एमआरआय आणि त्यात काही संशयास्पद दिसलं तरच बायोप्सी. आता थेट सुई मारायचे दिवस गेले.

"मला त्रास नाही" असं तुम्ही लिहिलंत, त्यावर एक महत्त्वाची गोष्ट. वयानुसारची वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात, मूत्रमार्गाला लागून होते, म्हणून ती लघवी अडवते. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या, गुदद्वाराकडच्या भागात सुरू होतो, मूत्रमार्गापासून दूर. त्यामुळे सुरुवातीला तो काही जाणवूच देत नाही. लघवी मोकळी आहे यावरून काही सिद्ध होत नाही. उलट नेहरू पार्कात सकाळी फिरणाऱ्या ज्या काकांना रात्री चारदा उठावं लागतं, त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. प्रत्येक पुरुषानं दरवर्षी पीएसए करावा असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या पुरुषांच्या शवविच्छेदनात असे बारीक कॅन्सर वारंवार सापडतात, जे त्यांना जन्मात कळलेही नसते. ते शोधून कापाकापी केली तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक शक्ती जाऊ शकते. ब्रिटनमध्ये 1,643 पुरुषांवर ऑपरेशन, रेडिएशन आणि फक्त लक्ष ठेवणं यांची तुलना केली. 15 वर्षांनी तिन्ही गटांत या आजारानं गेलेले साधारण 3 टक्केच होते. म्हणून 72 वर्षांच्या, घरात काही इतिहास नसलेल्या गृहस्थाला मी बहुधा तपासणी सुचवणार नाही. तुमची गोष्ट निराळी आहे, वय निराळं, घर निराळं. नेमकं किती निराळं, ते बाबांच्या त्या कागदावर अवलंबून आहे.

मुलांचं म्हणाल तर त्यांची बोटं बघणं आजपासून बंद करा. त्यांना सध्या कुठल्याही तपासणीची गरज नाही. तुमच्या जनुकाच्या रिपोर्टमध्ये काही निघालं तर ती मोठी झाल्यावर त्यांचा विचार होईल.

तर क्रम असा ठेवा: आधी आईशी बोलणं आणि फाईल, त्याच आठवड्यात पीएसए, फाईलमध्ये कॅन्सर निघाला तर युरॉलॉजिस्टकडे गुदद्वारातून बोट घालून करायची प्रोस्टेटची तपासणी आणि जनुकाबद्दल सल्ला. फाईल मिळाली नाही तरी पीएसए थांबवू नका.

आणि एक. आत्याला मुलगी असेल तर तिला फोन करा. दिवाळीला भेटू तेव्हा बोलू असं नको. तिची आई 44व्या वर्षी गेली आणि मामाला बहुधा प्रोस्टेटचा कॅन्सर होता, हे दोन तुकडे तिच्याकडे कुणी कधी एकत्र ठेवले नसतील. तिची तपासणी तुमच्याही आधी व्हायला हवी.